बादशहाची गोळी

५ जून
नांदेडहून एसटीने लातूरला आले. केंद्र औसा रस्त्यावर, डाळमिलच्या मागे. पांढऱ्या फरशा, हवेशीर पिंजरे, माझ्या खोलीला स्वतंत्र नळ. लिम्फोमा झालेल्या कुत्र्यांवर इथे नव्या गोळीची चाचणी चालते. ती फक्त कर्करोगाच्या पेशी हुडकून मारते. माझ्याकडे बादशहा दिलाय, मिलमालकांचा लॅब्रेडॉर. जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी. तपासायला वाकले तर त्याने माझा गळा कानापर्यंत चाटला. पिंजरे धुणारी नीलम्मा हसली. लई लाडाचं हाय, डाक्टरीणबाई, आता तुमाला सोडत न्हाई, म्हणाली. एवढ्या उकाड्यात तिने गळ्याभोवती पदर आवळून घेतला होता.

१६ जून
गाठी उतरल्या. तसा अहवाल पाठवला. वरून शाबासकी आली. लाळेचं मात्र काही करता येत नाही. दाट, पिवळट, आंबलेल्या वरणाचा वास. धुतलेल्या उशीलाही येतो. जेवण जात नाही.

१९ जून
बादशहा गोळी पोटात ठेवतच नाही. आज पिंजऱ्यापाशी लवकर आले म्हणून दिसलं. तो ओकला. नीलम्माने त्या बुळबुळीत लगद्यात बोटं घातली, गोळी काढली आणि न धुता स्वतःच्या तोंडात टाकली. मला कोरड्या ओकाऱ्या आल्या.
मग त्याच्या गाठी उतरल्या कशाने?

२० जून
नीलम्माला विचारलं. तिने पदर सोडला. गळाभर सुकत चाललेल्या गाठी. कुत्र्याच्या उतरल्या न्हाईत, म्हणाली, चाटंल त्याच्यात गेल्या. कुत्र्याचा हा आजार माणसाला होत नाही, मी सांगितलं. हाव का, म्हणाली, आणि तिने माझ्या जबड्याखाली बोट टेकवलं. तिथे वाटाण्याएवढं काहीतरी सरकलं.

२३ जून
गाठ लिंबाएवढी. डब्यातली कोरी गोळी गिळली. काही फरक नाही. त्याच्या पोटातून आल्याबिगर लागत न्हाई, नीलम्मा म्हणते. शी. मी तसलं—

२५ जून
गिळता येत नाही. थुंकी पिवळी. तोच वास, माझ्याच तोंडाला.
गाठी उतरल्या, या माझ्याच अहवालावर बादशहाची चाचणी थांबली. थोड्या वेळात मालक त्याला न्यायला येतील. डब्यात एकच गोळी उरली होती. नीलम्माने ती त्याला भरवली. आता आम्ही दोघी फरशीवर, त्याच्या तोंडासमोर.
तिच्या गाठी अजून पुरत्या सुकलेल्या नाहीत. तुमाला किळस येतीय नव्हं, डाक्टरीणबाई, म्हणते, मग ऱ्हाऊ द्या की.
त्याचं पोट आत ओढलं जातंय— मान खाली— वही ठेवते, दोन्ही हात—