स्क्रू निट बघावा

ता. ३, मंगळवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी कबूल करून टाकतो, मग तुला काय शिव्या द्यायच्यात त्या दे. मी बाबांचं पत्र फोडलं. फोडलं म्हणजे फाडलं नाही गं. किटलीच्या वाफेवर धरलं, गोंद सुटला, वाचलं आणि परत चिकटवलं. निट चिकटवलंय, कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणजे आपल्याच बापाला. हे फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घराच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा, आणि बाबा फायर ब्रिगेडातून सुटले तरी त्यांचे कान अजून ड्युटीवरच आहेत.

कारण ऐक. आई गेल्यापासून दोन वर्षं जो माणूस खिडकीतल्या खुर्चीतून हलत नव्हता, तो महिनाभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाचच्या ठोक्याला दाढी करून बाहेर पडतोय. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करायला. पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते? परत आले की अंगाला स्पिरिटचा वास. खिशाच्या अस्तराला पांढरी पावडर. परवा आंघोळीहून येताना टॉवेल सरकला, तर मांडीवर हे एवढाले निळे डाग! दारू, नशा आणि मारामारी, तिन्ही एकदम? या वयात?

त्यात हे पत्र आलं. बाईमाणसाचं अक्षर. जसंच्या तसं उतरवतो:

"मांडी उघडीच ठेवा, कापड मध्ये आलं की पकड लागत नाही. पहिले काही दिवस दुखतं, मग कातडीला सवय होते. त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम लावू नका. भीती वाटली तर खाली बघू नका, माझ्याकडे बघा. तुमच्यात दम आहे, उगाच वयाचं रडगाणं नको. फोन करू नका, फोन तुमचा मुलगा चाळतो. — घसरगुंडी."

ताई, कुठल्या सभ्य बाईचं नाव घसरगुंडी असतं? मी अर्धा तास नुसता पाणी पीत बसलो. आणि वर मलाच चोर ठरवतेय. फोन मी चाळतो, पण तिला कुणी सांगितलं? पाणी कुठंतरी मुरतंय. काय करू ते लगेच कळव.

लोभ असू दे, कान तेवढा पिरगळू नकोस.

तुझा भुंगा


ता. ७, शनिवार

चि. भुंग्यास आशीर्वाद (मनात नसताना).

दुसऱ्याची पत्रं फोडतोस ती फोडतोस, निदान स्वतःचं तरी शुद्ध लिही. 'नीट'मधला नी दीर्घ असतो, हे तुला पहिलीपासून सांगून माझे दात पडायची वेळ आली.

वाचून मात्र माझंही डोकं फिरलं. इथे हॉस्पिटलात, वॉर्डात रोज बघते मी. एकटा म्हातारा आणि गोड बोलणारी बाई, यातून पुढे काय निघतं ते सांगायला नको. पण एक सांग, डाग मांडीच्या आतल्या बाजूला आहेत का? असतील तर मार नव्हे. कशाला तरी आवळून धरल्याचे आहेत. कशाला, ते बघून ये. मागोमाग जा, लांबून बघ आणि परत ये. हात खिशात. माझ्या मुलाखतीच्या सकाळी माझ्या पर्सला कुणी कुलूप लावलं होतं, ते मी विसरलेले नाही.

आईच्या आजारपणात बाबांनी काय केलं, तेही विसरलेले नाही. त्यांना कुणी फसवू नये, एवढंच माझं म्हणणं. बाकी प्रेम आहेच, तू टिकू दिलंस तर.

तुझी ताई


ता. १५, रविवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

हात खिशातच होते गं, पण खिशात स्क्रू फिरवायची एलन की होती. सायकलच्या दुकानात काम करणाऱ्याच्या खिशात दुसरं काय असणार?

मंगळवारी मागोमाग गेलो. लॉन्ड्रीच्या वरचा हॉल. दाराच्या फटीतून बघतो तर मध्ये जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत स्टीलचा खांब, खाली जाड गादी, आणि भोवती सहा माणसं, ज्यांना बसमध्ये उठून जागा द्यावी अशी. त्यात आपले बाबा, आखूड चड्डीत! पोल डान्स शिकतायत, ताई. बाबांची पोल उघडी पडली आणि तो खराच पोल निघाला.

स्पिरिट खांब पुसायला. पावडर तळहाताला घाम येऊ नये म्हणून. डाग खांबाला मांड्या आवळून. आणि घसरगुंडी म्हणजे पांढऱ्या केसांची एक रिटायर शाळामास्तरीण, सुरुवातीला सारखी घसरायची म्हणून ते नाव. सगळं उलगडलं, पण माझा संशय काही जाईना. बाबा चढताना त्यांच्या पाठीला हात तिचाच का? आणि बाबा हसत होते. खो खो हसत होते. घरात दोन वर्षांत एकदा तरी हसले का?

म्हणून शुक्रवारी आधीच जाऊन बसलो. हॉल उघडा होता, आत कुणी नव्हतं. खांबाच्या बुडाशी दोन स्क्रू दिसले. आत बेअरिंग, आपल्या चाकाच्या हबसारखं. स्क्रू आवळले की खांब गप्प उभा राहतो, ढिले केले की गरागरा फिरतो. मी ढिले केले. पहिली नेहमी घसरगुंडीच चढते, दाखवायला. म्हटलं, जरा भोवरा होऊ दे बाईचा, सगळे हसतील, बाबांचं खूळही उतरेल.

त्या दिवशी नेमकं तिनं बाबांना पुढे केलं. त्यांनी छातीएवढ्या उंचीवर जाऊन पायाची अढी घातली आणि खांब फिरला. गादीवरच पडले, पण मनगटावर. मी दारामागे होतो. पुढे व्हायचं सोडून जिन्यानं खाली पळालो.

घरी पट्टी बांधून आले. विचारलं तर म्हणाले, पायरी चुकली. मग बराच वेळ तळहात बघत बसले आणि म्हणाले की मूठ ढिली झाली आता. पिशवी कपाटावर टाकलीय. परत त्याच खुर्चीत. काल घसरगुंडी दारात आली, तर मला सांगायला लावलं की झोपलेत. जागे होते, ताई. डोळे उघडे ठेवून बसले होते.

रागावलीस तरी उत्तर टाक.

तुझा भुंगा


ता. १८, बुधवार

भुंग्या,

आशीर्वाद वगैरे आज नाहीत. मनगट तीन आठवड्यांत बरं होईल, ते मला कळतं. मूठ ढिली झाली हे एकदा त्यांच्या डोक्यात बसलं, तर ते काही बरं व्हायचं नाही. तू सांग. मी सांगणार नाही, तू सांगायचंस. पडलास तेव्हा त्यांनी तुला उचललंय, एवढं आठव आणि तोंड उघड.

ताई


ता. २०, शुक्रवार

श्रीयुत फायरमनसाहेब यांस सप्रेम नमस्कार.

आपली मूठ ढिली नव्हती, स्क्रू ढिला होता. मी स्वता निट तपासले. कुठल्यातरी गाढवाने तो फिरवला असावा. गाढवाला आता जेवण जात नाही असे ऐकते. तरी आपण परत यावे. तळहात निट कोरडे करावे. चढण्याआधी स्क्रू निट बघावा. आपल्यात दम आहे.

आपली,
घसरगुंडी

ता. क. आपला मुलगा तसा बरा आहे.


ता. २२, रविवार

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायला गेलो तर तू पळशील, म्हणून तुझ्या डब्यात हे ठेवतोय.

घसरगुंडीबाईंनी चाळीस वर्षं शाळेत शुद्धलेखन तपासलं. त्या एका पत्रात तीनदा 'नीट' ऱ्हस्व लिहायच्या नाहीत, आणि कागदाच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठाही उठवायच्या नाहीत. त्यांचं आधीचं पत्र तू पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलं होतंस. लिफाफा उघडायला मला पक्कड घ्यावी लागली. आग कुठून लागली हे शोधण्यात माझी तीस वर्षं गेलीत रे, हे तर घरातलंच.

पडलो त्याचा राग नाही. आठ दिवस मी माझ्याच हातांवर संशय घेत बसलो, त्याचा आहे. तुझ्या आईला शेवटच्या वर्षी रोज दोन वेळा याच हातांनी जिन्यावरून नेलं. एकदाही सुटली नाही. ती गेली आणि हातांना उचलायला काही उरलं नाही. खांबावर मी मलाच उचलतो, बाकी काही नाही. फायर स्टेशनात घंटा झाली की खांबावरून घसरत खाली यायचं, सगळी नोकरी त्यात गेली. त्यावर चढतातही, हे घसरगुंडीबाईंकडून कळलं.

तुला सांगितलं नाही, कारण तू हसशील असं वाटलं. हसला असतास तरी चाललं असतं.

आता शिक्षा. मंगळवारी एलन की घेऊन ये. स्क्रू यापुढे तुझ्या ताब्यात. येताना आखूड चड्डीही आण.

तुझे बाबा


ता. १६, बुधवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

महिना उलटला, पट्टी निघाली. काल बाबा चढले! छतापर्यंत नाही, पण माझ्या डोक्याच्या वर. एक हात सोडून पाच आकडे मोजेपर्यंत थांबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घसरगुंडीनं जरा जास्तच वाजवल्या. बाकीच्यांना पावडर सामाईक डब्यातली आणि बाबांना ती स्वतःच्या बाटलीतली देते, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. मी लक्ष ठेवून आहे. तिनं माझ्याकडून 'नीट' पन्नास वेळा लिहून घेतलं, ते वेगळंच. बघ, आता नीट लिहिलंय.

माझं विचारू नकोस. तीन आठवडे घोरपडीसारखा खांबाला चिकटतो आणि तिथंच राहतो. बाबा खालून ओरडतात की खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. अगं, ते खालीच उभे असतात! दुकानात मालकानं नडगीवरचे डाग बघितले आणि विचारलं की कुणाशी भांडून आलास. आता सगळं दुकान माझ्यावर संशय घेतंय. घेऊ दे.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. बाबा चढायच्या आधी मी स्क्रू आवळतो, ते सगळ्यांसमोर. पण मग पाणी सांडलं म्हणून परत वाकतो आणि बघून घेतो. मग बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं आणखी एकदा. काल नाडी बांधायला वाकलो आणि लक्षात आलं, तिथं सगळे अनवाणी असतात. मीसुद्धा.

बाबांनी बघितलं की नाही, माहीत नाही. ते छताकडे बघत होते. तुझ्या पाया पडतो ताई, हे कुणाला सांगू नकोस. बाबांना तर मुळीच नको.

तुझा भुंगा