चालू शे

तीर्थरूप नानांना बंदरावरून रोहिणीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या विजेवरच्या मालवाहू जहाजाची मोटर मागच्या महिन्यात चाचणीत जळाली. आपल्या विहिरीवरची जळाली की तुम्ही शिव्या घालत चाळीसगावहून वाइंडिंग करून आणता आणि दुसऱ्या दिवशी लिंबांना पाणी सुरू होतं. इथे कुणी शिवीसुद्धा घातली नाही. साहेब एवढंच म्हणाले, डिझेल इंजिन बसवा. तेच जहाजांतून काढून टाकायला मी इतकी वर्षं खपले, नाना.

परत यावंसं वाटतं. पण तिकडे येऊन करू काय?

गावात कुणी जहाज चालू आहे का विचारलं, तर आपल्या अहिराणीत ‘चालू शे’ म्हणा. खोटं नाही ते. काल माझ्यासमोरच धूर सोडत गेलं.

तुमची,
रोहिणी