बिनसुकाणूच्या बोटीला मी लावलेलं सुकाणू

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, धंदा बोटींची सुकाणू घडवण्याचा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोडीगुलाबीही केलेली नाही. याआधी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावे.

१. राहतं घर थोरल्या मुलाला. माळ्यावरची गळती त्याने बघत बघत वाढवली, आता त्यानेच निस्तरावी.

२. रंधे, पटाश्या, करवती आमच्या वेल्डरला. तो लाकडाला हात लावत नाही, पण हत्यारं पुसून ठेवतो. माझं मोठं गिरमिट अकरा वर्षं मेहुण्याकडे आहे. ते परत मागू नये. भेटेल तेव्हा "गिरमिट बरं आहे ना?" एवढंच विचारावं.

३. कारखाना, बोटी पाण्यात सोडायचा उतार आणि धक्का मुलीला. याचं कारण सविस्तर लिहितो.

तिने सुकाणूशिवाय वळणारी बोट बनवली होती. मागे पाण्याखाली दोन पंखे, डावा आणि उजवा. एकाचा वेग वाढवला, दुसऱ्याचा कमी केला की बोट वळायची. मी म्हणालो, "आणि पंखे रुसले तर?" ती हसली. "बाबा, तुमचं सुकाणू कधी रुसलंच नाही वाटतं!"

आमच्याकडून सुकाणूशिवाय एकही बोट पाण्यात गेलेली नव्हती. मला राहवेना. चाचणीच्या दिवशी सगळे जेवायला गेले, तेव्हा उतारावरच्या बोटीखाली शिरून मी एक छोटं सुकाणू सरळ धरून पक्कं ठोकलं. पंखे बंद पडले तर पोर भरकटू नये, एवढंच मनात होतं.

वळायच्या वेळी त्या ठोकलेल्या सुकाणूनेच बोट वळू दिली नाही. ती धक्क्यावर आदळली. बोट घ्यायला आलेले लोक हसत गाडीत बसले. बोट वर ओढल्यावर पहिला मीच खाली शिरलो आणि ते सुकाणू काढून पोत्यात घातलं.

मुलगी पायरीवर कागद चाळत बसली होती. "बाबा, माझंच गणित चुकलं."

मी म्हणालो, "असू दे गं."

तिने ते काम सोडलं. सहा वर्षं झाली, ती कचेरीत बसून लोकांच्या बोटींचे परवाने तपासते.

बाळ, तुझं गणित बरोबर होतं.

४. हा कागद धक्क्यावर मोठ्याने वाचावा. त्या दिवशी हसलेल्यांना बोलवावं. कलम तीन दोनदा वाचावं.

सही करण्याआधी वेल्डर म्हणाला, "काका, हे मेल्यावर कशाला? आत्ता तिला फोन लावा की." लावला. ती म्हणाली, "बाबा, औषध घेतलंत का?" मी म्हणालो, "घेतलं." आणि ठेवून दिला. म्हणून हा कागद.

सही: सुकाणूवाला
साक्षीदार: १. वेल्डर (नाराजीने) २. शेजारच्या निवृत्त बाई
ठिकाण: कारखान्यातलं मागचं टेबल
दिनांक: चौदा, सोमवार, दुपार