गाडी डावीकडे ओढते

१० नोव्हें., सोम.
साखरखेर्ड्याचे भास्करकाका सकाळीच गॅरेजवर. बाबांचे दोस्त, पोस्टातून रिटायर. काकूंची शाळा इथं मेहकरला, रोज तेच कारने आणून सोडतात. शनिवारी गाडीचे दोन्ही टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंग पुढच्या चाकांना जोडणारे सांधे, मी बदलले. आता म्हणतात, "तू हात लावला तवापासून डावीकडे ओढून राह्यली." जुने काढताना आटे मोजले होते, तेवढेच नव्यांना दिले. तरी सुतळी ताणून चाकं पुन्हा जुळवली. ट्रायल मी घेतली, काका शेजारी. सरळ.

११, मंगळ.
पुन्हा काका. हवा बरोबर. पुढचे टायर अदलाबदल केले. टायरचा दोष असता तर आता उजवीकडे ओढली असती. हात सोडले तरी सरळ!
"तुह्या हातात सरळ जाते, माह्या हातात काऊन नाही बे?"
माझंही डोकं फिरलं. म्हटलं, खामगावला अलाइनमेंटच्या मशीनवर दाखवून या.

१३, गुरु.
मशीनचा कागद आणला. सगळे आकडे हिरवे. आणि काल पुलाच्या कठड्याला गाडी घासली. काकू आज मागच्या सीटवर.
ट्रायल नेहमी मीच घेतो, मालक शेजारी. उस्तादांनी तसंच शिकवलं. आज काय वाटलं कोण जाणे. "काका, तुम्ही चालवा."
फाट्यापर्यंत गेलो. काकांचा डावा हात स्टेअरिंगवर नुसता लोंबत होता, त्याच्याच वजनाने ते फिरत होतं. गिअर दोनदा चुकला.
"हाताले काय झालं काका?"
"मुंग्या येऊन राह्यल्या आयतवारपासून. थंडीनं असन."
इतके दिवस मी नटबोल्ट बघत बसलो, गाढव. गाडी थांबवायला लावली, मी चालवत थेट दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले लकव्याचा झटका, लगेच बुलढाण्याला धाडलं. काकू सोबत.

१५, शनि.
काकांचा फोन, दवाखान्यातूनच. जीभ जड.
"काय निघालं बे गाडीत?"
"काही नाही काका. गाडी सरळ हाय."
मग, "मंग राहू दे तुह्यापाशी. रोज एक चक्कर मार. बॅटरी उतरन नाहीतर."
हो म्हटलं. संध्याकाळी काढली. काका बुटके, सीट पार पुढे ओढलेली. मागे सरकवायला हात घातला, पण नाही सरकवली. गुडघे दुमडून फाट्यापर्यंत जाऊन आलो.