मागच्या सीटवरचा मीटर

ती. आईस,
तुझ्या दमलेल्या लेकीचा नमस्कार.

काल देशाची सीमा ओलांडली. बाबा दोन घास जेवले. उद्या मोठे डॉक्टर तपासतील. तू वेळेवर जेवतेस ना?

इकडे वेगाच्या पाट्या मैलांत आणि आपला मीटर किलोमीटरचा. गुणाकार करून करून माझ्या डोक्याचा भुगा झाला. शेवटी फोनवर वेग बघायला लागले, तर तो मीटरपेक्षा आठ किलोमीटर जास्त! मला वाटलं, फोनच बिघडला. पण वाटेतल्या मेकॅनिकने चाकं बघितली आणि हसला. म्हणाला, "टायर मापापेक्षा मोठे आहेत, मीटर कमीच दाखवणार."

बाबांनीच हौसेने घातलेले टायर, आठवतात? म्हणजे इतकी वर्षं तू मागून "अहो, गाडी जोरात जातेय" म्हणायचीस आणि ते काट्याकडे बोट दाखवून तुला गप्प करायचे, तेव्हा तूच बरोबर होतीस.

मी त्यांना हे सांगितलं. वाटलं, आता टायरची बाजू घेऊन भांडतील. पण नुसते म्हणाले, "आईला कळव."

बाकी सगळं ठीक. माझी पाठ तेवढी कामातून गेलीय. झाडांना पाणी घाल आणि दाराची वरची कडीही लाव.

तुझीच,
थोरली

ता. क. आज दवाखान्यात नाव नोंदवायला जाताना बाबा माझा हात धरून म्हणाले, "जरा हळू घे गं." तेव्हा फोनवर तीस होते. मैल नव्हे, किलोमीटर.