कोर्टाचा डोळा आणि हिंमतरावांची शाल

३ जानेवारी २००५
आज कोर्टाने मला कमिशनर नेमलं. आबांना वाटलं, पोलीस कमिशनर. मार्केट यार्डातल्या सगळ्या हमालांना पेढे वाटून आले. मग समजावलं, कोर्टातर्फे जागा पाहायची, मोजायची, खरं ते लिहून द्यायचं. थोडे हिरमुसले. घरात मी पहिलीच ग्रॅज्युएट, त्यामुळे असं होतं.

केस साधी. कर्वेनगरच्या एका शाळेच्या मैदानात नगरसेवक हिंमतरावांनी संपर्क कार्यालय बांधलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कौशल्याबाईंनी दावा लावला. त्यांची मुलगी तिथे खो-खो खेळते.

जजसाहेब म्हणाले, तुमची कोणाशी ओळख नाही म्हणून नेमतोय. माझे सीनियर दिगंबर सर म्हणाले, ओळख व्हायला वेळ लागत नाही. सर फार निराशावादी.

संकल्प: या कामात कोणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही.

८ जानेवारी, दुपार
मोजणी झाली. हद्दीवर पांढऱ्या फक्कीची चांगली जाड रेघ मारून घेतली. कार्यालय पूर्णपणे मैदानात! हिंमतराव स्वतः हजर. अतिशय सुसंस्कृत माणूस. अहो ताई, आपण उन्हात किती उभ्या राहणार, म्हणाले. चहा घेतला. संकल्प मुळात लाचेविरुद्ध होता. त्या चहात लाच म्हणावी इतकं दूधही नव्हतं.

१३ जानेवारी
अहवाल दिला. एकही शब्द मवाळ नाही. दिगंबर सरांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला. म्हणाले, आता जपून. कोणापासून, ते सांगितलं नाही.

१९ जानेवारी
जजसाहेबांची बदली. थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला. बाररूममध्ये कुजबुज, वरून फोन आला म्हणे. वकिलांना अफवांचा नाद असतो. बदली हे रूटीन आहे. मुदतीच्या दीड वर्ष आधी झाली तरी रूटीनच. तिकडच्या लोकांनाही न्याय नको का?

२३ जानेवारी
हिंमतरावांचा कार्यकर्ता रतन घरी आला. सव्वीस जानेवारीला 'परिसरातील पहिली महिला वकील' म्हणून माझा सत्कार! अहवाल विरोधात असूनही! याला म्हणतात लोकशाही. भाषणाचा विषयही मीच ठरवायचा. ठरला: न्यायालयांचं स्वातंत्र्य. माझं काम संपलंय, त्यामुळे जायला हरकत नाही. न जाणं म्हणजे घाबरणं. आबांनी रजा टाकली. आईने माझ्यासाठी चपला आणल्या.

सरांना सांगितलं. म्हणाले, वा, सत्कार! आणि फाइलमध्ये डोकं घातलं.

२६ जानेवारी, रात्री
अप्रतिम भाषण झालं. मैदानातच मंडप होता. स्टेज नव्हतं, खाली उभं राहूनच बोलले. लोकांच्या जवळ असल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, शाळेची जागा बळकावणारा कितीही मोठा असो, त्याला धडा मिळालाच पाहिजे, कोर्ट कोणाच्या बापाला घाबरत नाही! पहिली टाळी हिंमतरावांची. रतन सगळं शूट करत होता. शाल मिळाली, नारळ मिळाला. आबा रडले.

कौशल्याबाई दिसल्या नाहीत. कामात असतील. नव्या चपला पांढऱ्याफटक झाल्या. मैदानात धूळ फार.

११ फेब्रुवारी
नवे जजसाहेब. हिंमतरावांच्या वकिलांनी सीडी दाखल केली. म्हणाले, कमिशनरबाईंचं मत आधीपासूनच कलुषित, आपणच ऐका. भर कोर्टात माझं भाषण लागलं. पहिलं मिनिटभर फार छान वाटलं.

अहवाल रद्द. नवे कमिशनर ॲडव्होकेट बद्रीनाथ. ते हिंमतरावांच्या मेहुण्याच्या ऑफिसात बसतात. पण माणूस कुठे बसतो यावरून त्याला जोखू नये.

१ मार्च
बद्रीनाथांचा अहवाल आला: 'हद्दीची कोणतीही खूण जागेवर आढळली नाही.' त्याच आधारावर दावा फेटाळला. मी सगळ्यांसमोर ओरडले, रेघ होती, मी स्वतः मारून घेतली होती!

बाहेर कौशल्याबाई उभ्या होत्या. म्हटलं, बाई, अपील करू, मी फी घेणार नाही. त्या म्हणाल्या, नको ताई, मुलींना आता खो-खो बंद झाल्याचं सांगायचंय, तेवढं सांगते. जाता जाता म्हणाल्या, रेघ होती की. तुमचा माईक तिच्यावरच होता. मी कुंपणापलीकडून बघत होते. तुम्ही फार जोशात बोलत होता. पाय एका जागी ठरत नव्हते.

रात्री ११
संकल्प: अपील.

पलंगाखालून चपला काढल्या. तळ अजून पांढरे आहेत.