लाभाचा पत्ता

४ नोव्हेंबर १९६३, सोमवार

सकाळी बडनेऱ्याला उतरलो. पुण्यात सगळ्यांनी घाबरवून सोडलं होतं, वऱ्हाडात म्हणे उन्हानं माणूस भाजतो आणि तिखटानं पोळतो. इथं तर सकाळी शाल अंगावर घ्यावी इतका गारवा! टांग्यानं अमरावतीला आलो. अंबापेठेतलं घर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. रमाला स्वयंपाकघर पसंत पडलं म्हणजे निम्मी लढाई जिंकली. आमच्या सहा वर्षांच्या सिंधूनं तर वेळ मुळीच फुकट घालवला नाही. टांगेवाल्याशी तासभर गप्पा मारून उतरताना मला म्हणाली, "बाबा, मले भूक लागून राहिली." रमानं कपाळावर हात मारला. मी हसून हसून बेजार.

सहा महिने इथं मुक्काम. ताप-गणना कचेरीतलं मोजणी-यंत्र जुनं झालं आहे, त्याची आतली गणक-पेटी काढून नवी विलायती पेटी बसवायची आणि ती रुळेपर्यंत थांबायचं. असलं काम कंपनीत माझ्याइतकं कोणाला येत नाही. हे मी म्हणत नाही, साहेब म्हणतात. (मीही म्हणतो.)

६ नोव्हेंबर

कचेरीत माझ्याशिवाय नऊ माणसं. मुख्य बापूसाहेब, काळा कोट, बोलणं मोजकं, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वकिली. यंत्रावर शालिकराम, पन्नाशीचा, भातकुलीकडचा माळी. त्याची बायको पार्बताबाई कचेरीच्या फाटकाशी भाजी घेऊन बसते.

काम साधं आहे. गावातल्या प्रत्येक माणसाचा एक जाड कागदी पत्ता. वर नाव, खाली भोकं: वय किती, ताप आला की नाही, वगैरे. एका गावाची चळत यंत्रात घातली की तारेचे ब्रश भोकं वाचतात आणि शेवटी बेरीज छापून येते. काय मोजायचं हे यंत्राला सांगतो तो बाजूचा तारांचा फळा. कुठली तार कुठल्या भोकात, यातच सगळी अक्कल. पेटी बदलली की फळाही बदलावा लागतो, नाहीतर नव्या सुनेला सासूच्या किल्ल्या दिल्यासारखं होतं.

एक गंमत. प्रत्येक चळतीच्या वर एक कोरा पत्ता. नाव नाही, भोक नाही. विचारलं तर शालिकराम म्हणाला, तो लाभाचा. मला कळेना. तेव्हा त्यानं फाटकाकडे बोट दाखवलं. पार्बताबाई शेंगा मापून देत होती. पहिलं माप टाकताना म्हणाली "लाभ", मग "दोन", मग "तीन". एक म्हणायचंच नाही! शालिकरामचं म्हणणं, मोजणारं काही का असेना, पहिलं त्याचं असतं. "आपून देलं तं बरं, साहेब. नाई तं ते आपल्या हातानं घेते."

आता यंत्रालाही नैवेद्य! खरं कारण एवढंच की जुन्या पेटीची चाकं पहिल्या पत्त्याला जागेवर येत नसत, तो वाया जाई. याला ते कळलं नाही, म्हणून लाभ.

११ नोव्हेंबर

नवी पेटी बसली. आवाज इतका कमी की कान देऊन ऐकावं लागतं. पण प्रत्येक गावात एक माणूस जास्त येऊ लागला. कारण उघड आहे. नवी पेटी पहिल्यापासून मोजते, म्हणजे कोरा पत्ताही माणूस धरते. मी सगळे लाभाचे पत्ते काढून बंबात घातले. जुना फळा पूर्ण उपसला, नव्यानं भरला, आणि वर माझी स्वतःची एक लाल तार टाकली: कोरा पत्ता आत गेला की घंटा वाजते आणि यंत्र थांबतं. बापूसाहेबांनी चक्क पाठ थोपटली.

शालिकराम म्हणाला, जुन्या तारा कशा होत्या ते लिहून तरी ठेवा. मी म्हटलं, तुझ्या डोक्यात आहेत ना, बस झालं. तो नुसता बंबाकडे बघत उभा राहिला.

१४ नोव्हेंबर

आता प्रत्येक गावात एक कमी. दोनशे बारा घातले, दोनशे अकरा आले. ब्रश पुसले. चाकांना तेलपाणी केलं. एकेक तार दिवा लावून तपासली, दोन दिवस, मान मोडेपर्यंत. फळ्यात दोष नाही. पेटीत दोष नाही.

चळत बाहेर आली की पहिला पत्ता कोरा असतो. घंटा वाजत नाही, म्हणजे आत जाताना तो कोरा नव्हता. याचा अर्थ एकच. शालिकराम गुपचूप पत्ते बदलतो आहे, आपला लाभ खरा करायला. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, अंबादेवीची आन, मी हात नाही लावला.

१८ नोव्हेंबर

आज हा सूर्य हा जयद्रथ करायचं ठरवलं. भातकुली बाजूच्या एका खेड्याची चळत घेतली. पहिला पत्ता मी स्वतः वाचला: देवमन, वय चाळीस, ताप नाही. नाव इथं लिहितो आहे. शालिकरामला दाराबाहेर उभं केलं आणि स्वतः चालवलं. पहिला पत्ता बाहेर आला तो गुळगुळीत. अंगठा फिरवला, भोकाची कडसुद्धा लागत नाही. गावातल्या नावांची वही उघडली तर तिची पहिली ओळ मोकळी.

मला घाम फुटला, आणि घाम फुटला म्हणून राग आला. बापूसाहेबांपुढे शालिकरामचं नाव घेतलं. हाच काहीतरी करतो म्हटलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "माह्यावर इस्वास नाई तं माहाच पत्ता वरते ठेवा." कचेरीतल्या नऊ जणांचे पत्ते त्यानंच आणले, स्वतःचा वर ठेवला, मागे सरला, हात पाठीशी बांधले. मी बटण दाबलं.

आठ.

कोरा पत्ता त्यानं उचलून उजेडात धरला. मग पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला. त्याच्यावर आळ घेतल्याची लाज वाटते आहे. उद्या माफी मागीन.

१९ नोव्हेंबर

सगळं जुळलं! कालच्या सगळ्या चळती बरोबर. कचेरीतले आठ, यंत्रातही आठ. उगाच जीव काढला.

मागची पानं चाळताना चमत्कारिक वाटलं. शालिकराम म्हणून कोणाबद्दल बरंच लिहिलं आहे. अक्षर माझं. यंत्र तर पहिल्यापासून मीच चालवतो. बापूसाहेबांना विचारलं, या नावाचा माणूस इथं होता का. ते म्हणाले, नाही बुवा, हरिहरराव, तुम्हांला ऊन बाधलं. नोव्हेंबरात?

पण यंत्रापाशी एक स्टूल आहे. माझ्या उंचीला ते फार ठेंगणं आहे.

२० नोव्हेंबर

वहीत लिहिलंय म्हणून फाटकाशी गेलो. पार्बताबाई भाजी मांडून बसली होती. मी विचारलं, तुझा मालक कुठे आहे? ती हसली. म्हणाली, "कोनता मालक, साहेब? मी एकलीच हाव." कपाळावर ठसठशीत कुंकू. पायात जोडवी. माझी नजर गेली तशी तिची गेली. बोट कपाळाला लावलं, बोटाकडे पाहिलं. मग पदरानं पुसायला लागली, आणि पुसता पुसता रडायला लागली. का रडते ते तिला सांगता येईना. "काई समजून नाई राहिलं," एवढंच म्हणत राहिली.

हे मी केलं. आठवत नाही, पण मी केलं. माझंच अक्षर आहे.

२३ नोव्हेंबर

अकोल्याला जाऊन आलो. तिथल्या कचेरीत असंच यंत्र आहे. जुना फळा पाहायला मिळाला असता तर इथं तसा भरता आला असता. पण तिथं दोन महिन्यांपूर्वीच नवी पेटी बसली. जुनं सगळं भंगारात.

तिथले लोक आनंदी आहेत. म्हणाले, आता बेरीज कशी बरोबर येते. चहा पाजला. खोलीत टेबलं अकरा, माणसं चार. एवढी टेबलं कशाला, विचारलं. चौघं एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हणाला, असतील पयलेपासून.

२५ नोव्हेंबर

अमरावती शहराच्या चळती आल्या. शुक्रवारी अंबापेठ. रचना घरांच्या क्रमानं, घरात लहान आधी. आमचं घर क्रमांक एक.

पहिला पत्ता सिंधूचा.

२६ नोव्हेंबर

कोरा पत्ता वर ठेवला. घंटा वाजली, यंत्र थांबलं. लाल तार काढली तर यंत्र जागचं हलेना. मीच तिच्यावरून सगळा प्रवाह फिरवला आहे, हुशारी म्हणून. नवा फळा भरायला बसलो. जुना कसा होता? ज्याच्या डोक्यात होता त्याला मी —

बापूसाहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, बेरीज जुळून राहिली ना, मग तुमचं दुखणं काय? आकडे दिल्लीला जायचे आहेत. तुम्ही नसाल तर मी बटण दाबीन.

२७ नोव्हेंबर

रमाला सांगितलं. वही वाचायला दिली. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पळून गेलो तरी पत्ता इथंच राहणार. पत्ता पळवला तर पुढचा रमाचा. मग माझा. तिघांचे पळवले तर शेजारच्या घरातलं तान्हं. त्याची आई रोज त्याला आमच्या अंगणात उन्हाला घेऊन बसते. म्हणजे कोणाचा तरी जाणारच. यातून सुटका नाही, कितीही तारा हलवल्या तरी नाही.

२८ नोव्हेंबर

ठरलं. माझा पत्ता सिंधूच्या वर ठेवायचा. रमाला दुःख होणार नाही. आपण कोणाची बायको होतो हे तिला — बरंच आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

ठेवला. बटण दाबलं. पत्ता सरकला. माझं नाव अर्धं आत गेलेलं दिसलं आणि —

मी बंद केलं. नुसता श्वास घ्यायचा होता. एक मिनिट. पत्ता ओढून काढला, खिशात घातला. पुन्हा ठेवणारच होतो, देवाशपथ ठेवणार होतो. बापूसाहेब आत आले. यंत्र का थांबलं म्हणाले. आणि त्यांनीच बटण —

यंत्र नव्यानं सुरू झालं की ते पहिला नव्यानं घेतं.

कोरा पत्ता खाली पडला.

तोच दिवस, दिवेलागण

धावत घरी आलो. ती आहे. ती अजून आहे. उंबऱ्यावर बसली आहे. रमानं दोनच पानं वाढली. मी तिसरं मांडलं तर कोण येणार आहे म्हणून विचारते. तिच्यावरून पलीकडे बघते.

लिहून ठेवतो. सिंधू. माझी मुलगी. वय सहा. पुढचा एक दात पडलेला. आमसूल चोरून खाते. झोपताना माझा कान धरते. भित्री नाही. बापावर गेली नाही.

ती मला विचारते, "बाबा, आई मले काहून पाहून नाई राहिली?"

मी सांगितलं, आई दमली आहे. मांडीवर घेतलं. वजन — वजन फार कमी लागतं. कानाला हात लावला तिनं. मी झोपणार नाही. सिंधू. सिंधू. सिंधू. डोळ्यांपुढून हलू देणार नाही. पाणी मागते आहे. आणतो, दोन पावलांवर तर आहे —

३० नोव्हेंबर

सकाळी हवा छान. मांडी का आखडली आहे कळत नाही. रात्री बसूनच झोप लागली वाटतं.

रमा अंगणात फणी घेऊन बसली होती. पुढ्यात पाट मांडलेला, पाटावर कोणी नाही. हातात तांबडी फीत. किती वेळ बसली होती कोण जाणे. मला म्हणाली, ही कोणाची? मी म्हटलं, घरमालकांची असेल. ती म्हणाली, मग मला सोडवत का नाही?

वही पाहून सांगतो म्हटलं. पाहिली.

वाचलं. दोनदा वाचलं. एक अक्षरही आठवत नाही. चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. पडलेला दात येत नाही. खिशात माझा पत्ता आहे, भोकं सगळी जागच्या जागी.

रमा दारात येऊन उभी आहे. फीत हातात. विचारते आहे, काय लिहिलंय? वाचून दाखवा. मी —